बादलीत कागदच असतो

—छे, छे, खेळ दिसावा म्हणून नव्हे हो; खेळ मला तोंडपाठ आहे. कडेची खुर्ची हवी ती बादलीसाठी. सरकता जरा पलीकडे? उपकार झाले. पाय सांभाळा — हं, बसा.

पहिल्यांदाच आलात वाटतं? मग सांगतो. बास्केटबॉलचे हे पट्ट्यांच्या चड्डीवाले नेहमी जिंकतात आणि ते निळे बिचारे नेहमी हरतात — हरण्यासाठीच तर त्यांना सोबत घेऊन फिरतात. फसवणूक? फसवणूक कसली? कथेतला राक्षस कधी जिंकल्याचं ऐकलंत? आयुष्यभर लोककथा शिकवल्यात मी, म्हणून अधिकाराने सांगतो: हा सामना नव्हेच, हे विधिनाट्य आहे. बोटावर चेंडू फिरवणं हे मंगलाचरण, पंचाची विजार ओढणं हा राजाचा मानभंग, आणि कळस म्हणजे बादली. तो उंच टकला विदूषक बादली घेऊन पंचामागे धावतो, पंच प्रेक्षकांत शिरतो, बादली उपडी होते, लोक किंचाळतात — आणि अंगावर पडतात कागदाचे कपटे! गावोगाव हिंडून पाहिलंय. पाठभेद पुष्कळ, बादलीत मात्र कागदच. पाणी असेल तर अख्खी कथाच कोसळेल, नाही का? कोसळेलच.

हेच मी आमच्या मंडळींना समजावलं. गेल्या खेपेला त्या या खुर्चीवर बसल्या होत्या. मी मक्याच्या लाह्या आणायला गेलो — नेमका तेव्हाच! — परत येतो तो या नखशिखांत ओल्या. म्हणाल्या, ‘पाणी होतं.’ मी म्हटलं, ‘घाम असेल.’ म्हणाल्या, ‘वेणीतून घाम गळतो का हो?’ मी म्हटलं, भीतीचे शारीरिक परिणाम विलक्षण असतात. घरी पोचेपर्यंत मी कथेची रचना उलगडत होतो, त्या शिंकत होत्या. दुसऱ्या दिवशी भावाकडे निघून गेल्या, त्या अजून तिथेच. मेहुण्याचा निरोप एवढाच — ‘पाणी होतं म्हणा, ताई येईल.’ एक शब्द, बस्स! पण शास्त्र म्हणून काही आहे की नाही? म्हणून आज हा लिफाफा आणलाय. कपटे अंगावर पडले की यात भरायचे आणि थेट मेहुण्याच्या दारात. मग बघतो कशा येत नाहीत. घरात... घरात फार शांत असतं हो हल्ली. वाचन होतं, ते एक बरंय.

तुम्ही मात्र अजिबात घाबरू नका — विदूषक घाबरलेला चेहराच हेरतो, आणि आज तो माझा असायला हवा. आरशासमोर सराव केलाय. हा बघा. कसा वाटतो? दाढदुखी? असू दे, असू दे.

आला! पंच आला — मागे टकला — इकडे हो! मी भ्यालोय! अहो, मी — मी इथे —

माझ्या डोक्यावरून — थेट तुमच्यावर!

शर्ट झटकू नका, कपटे उडतील. कुठेयत कपटे? ओला? दाखवा बरं... टपटपतंय खरं. माझ्या चष्म्यावरही — नाही, ही वाफ. गर्दीत उकडतंच. शिवाय भीतीचे शारीरिक परिणाम —

पुसू नका! असेच चला माझ्याबरोबर मेहुण्याकडे. तुम्हाला बघून त्या म्हणतील... काय म्हणतील? आधी तुम्हाला टॉवेल देतील. मग माझ्याकडे बघतील.

नको. हा घ्या लिफाफा, कान पुसा. आणि उभे राहा आधी, खुर्चीत पाणी साचलंय, त्यात बसू —

काय म्हणालो मी? घाम. घाम म्हणालो. गप्प बसा आता, सामना बघा.