शिट्टी मारायची राहिली

माजं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरच्या जवळच, आणि पाण्याचं म्हणाल तर चालायच्या आदी पवायला शिकलो असं आई सांगायची. पूर आला की कुणाची म्हसरं बाहेर काढायला, कुणाचं काय वाहून चाललं तर धरायला मलाच हाक यायची. गावातल्या निम्म्या पोरांना पाठीला डबा बांधून मीच पवायला शिकवलंय. नोकरी मातर फौंड्रीत, भट्टीपाशी वर्सं काढली, आणि ते खातं बंद झाल्यावर सत्तेचाळीसाव्या वर्सी घरात बसलो. तवा एकानं सांगितलं, मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर जीवरक्षक पायजेत, बुडणाऱ्याला काढणारी माणसं. बायकू म्हणाली, समुद्र म्हंजी नदी न्हवं, तुमास्नी काय ठावं हाय त्यातलं. मी म्हणालो, पाणी ते पाणी. काय सांगू तुम्हाला, त्या बोलण्याची मला अजून लाज वाटती.

त्या किनाऱ्याच्या एका टोकाला कासवांची अंडी हाईत, वनखात्यानं जाळी लावून राखल्यात, तितं कुणी पाय ठेवायचा न्हाय. दुसऱ्या टोकाला फळी घेऊन लाटंवर उभं ऱ्हायला शिकवत्यात, सर्फिंग म्हंत्यात त्येला, आणि शिकवणारी पोरगी मानसी, तितलीच, मासेमारी करणाऱ्या घरातली. मधल्या पट्ट्यात सगळी पावणीरावळी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मी. मला समुद्र शिकवला तो ह्या मानसीनं, माज्या पोरीच्या वयाची हाय. ती म्हणाली, काकानू, जितं लाट फुटत न्हाय, पाणी निवांत दिसतं, तितंच खालनं ओढ असती, माणसाला आत घेऊन जाती. आणि लोकं नेमकी तीच जागा बघून उतरत्यात, लाट न्हाय म्हणून. ओढीत घावलं तर सरळ काठाकडं यायचं न्हाय, आडवं पवत जायचं, ओढ सुटली की मग काठ धरायचा. हे डोस्क्यात शिरलं, पण हातात शिरायला लई दिवस लागलं, कारण आमची सवय अशी की काठ दिसला की काठाकडंच हात मारायचा.

शनिवार आला की मी शिट्टी हातातच धरून ऱ्हातो बगा, कारण शनिवारी आमच्याच कोल्हापूरच्या गाड्या घाट उतरून येत्यात. आपली माणसं, मनानं चांगली, जेवायला बसवतील, पण ऐकणार न्हाईत. पावणं, पुढं जाऊ नका म्हणालं की म्हंत्यात, व्हय व्हय, आमी पण पाण्यातलंच हाय. एकदा मी एसटीनं घरला येतोय दाजीपूरच्या अभयारण्यातनं, तर रस्त्यात गवा उभा. डायव्हरनं गाडी थांबवली आणि सगळी एसटी गप, कुणी खिडकीतनं हात बाहेर काढला न्हाय, पोरं सुदा रडायची थांबली. मी आपला मनात म्हणालो, ही एवढी भ्यालेली माणसं मला किनाऱ्यावर कवा दिसायची.

तर नाताळच्या सुट्टीत आमची थोरली भन, आक्का, आणि दाजी, पोरं, नातवंडं अशी सगळी आली. दाजी म्हंजी काय, एकेकाळचा पैलवान गडी, आमच्या घरात त्यांच्यापुढं कुणी वर मान करून बोललं न्हाई, मी तर त्यांच्यासमोर खुर्चीत सुदा बसत न्हाय. दुपारी जेवण करून दाजी पाण्यात गेलं ते नेमकं त्या निवांत जागी. मी बगितलं, शिट्टी तोंडापर्यंत नेली, आणि खाली घेतली. दाजींच्या अंगावर शिट्टी कशी मारायची? चार माणसांत त्यांना कसं वाटंल? म्हणून मी चालत निघालो, जवळ जाऊन हळू सांगावं, दाजी, जरा अलीकडं या की. तेवढ्यात ते छातीएवढ्या पाण्यातनं एकदम लांब गेल्यालं दिसलं, आणि काठाकडं जोरात हात मारत होतं, पण जागचं हालत न्हवतं.

मी पळालो, उडी टाकली, ओढीनंच मला त्यांच्याजवळ नेलं, त्यांच्या बगलंत आमची ती बुडणाऱ्याला धरायला देत्यात ती तरंगती नळी सरकवली, तर त्यांनी माजा गळाच धरला. आणि काठावरनं आक्काची हाक आली, बाळू, सोडू नको रं त्यांना. ती हाक ऐकली आणि शिकल्यालं सगळं इसरलो, आक्का दिसत होती तिकडंच सरळ हात मारत बसलो, मारतोय मारतोय आणि आक्का लहानच होत चालली. माजं पाय जड झालं. तेवढ्यात मानसी फळी घेऊन आली, वरडत होती, काकानू, सरळ नको, आडवे चला. तिनं दाजींना फळीवर पालथं घेतलं, मी मागनं ढकलत आडवा निघालो, आणि थोड्या वेळानं ओढ सुटली ती अंगाला कळली, कुणी धरल्यालं सोडावं तशी.

दाजींना दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, छातीत पाणी गेलतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, पायाशी उभा ऱ्हायलो. दाजींनी डोळं उघडलं, मला बगितलं, आणि म्हणालं, बाळू, तू लांबनं मला बगितलं हुतंस, मला दिसलं. शिट्टी का मारली न्हाईस? मी म्हणालो, दाजी, तुमचा मान. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आज वरीस हुईल, माज्याशी नीट बोलत्यात, राग न्हाय, पण त्यो प्रश्न त्यांनीबी परत काढला न्हाय आणि मीबी न्हाय.

आता मी सगळ्यांच्या अंगावर शिट्टी मारतो, म्हातारं बगत न्हाय, सायेब बगत न्हाय, लोकं शिव्या देत्यात, देऊदेत. पण काळजी गेली न्हाय, उलट वाढली. इकडं गावात लग्नाला गेलो तरी पंगतीतली डोकी मोजत बसतो, एक कमी भरलं की उठून शोधाय लागतो, मग कळतं कोण तरी हात धुवायला गेलंय. बायकू म्हंती, सोडा ती नोकरी. सोडून बगितली मनातल्या मनात, तर वाटतं, माज्या जागी कोण उभा असंल आणि कुणाचा मान राखत असंल. म्हणून उद्या परत किनाऱ्यावर निघालोय. आलेली सगळी वल्या कापडानं, शिव्या घालत का हुईना, पण आपापल्या गाडीत बसून घाट चढूंदेत, एवढंच माजं मागणं हाय.