पालट्याची चोरी

काशीबाई : ती टोपली खाली ठेव, जमने. देवाला तू हात लावायचा नाय.

जमना : मग कोण लावणार? पुंडलिकदादाची गाडी भरून झाली. भांडी गेली, जाळी गेली, कोंबड्या पण गेल्या. आता या घरात तू, मी नि पालट्या, एवढेच उरलो.

काशीबाई : बघ कसा हसतोय कोनाड्यात. सगळं गाव उठतंय म्हणून मेल्याला उकळ्या फुटल्यात.

जमना : हसू दे. इथं विजेचा कारखाना होणार, आपल्याला नवीन गावठाण दिलंय, तर तिथं पण कोनाडा लिंपून ठेवलाय मी त्याच्यासाठी. नवशाच्या मऊ पंच्यात गुंडाळते, टोपलीत ठेवते, डोक्यावर घेऊन चालते. त्यात काय अडलं?

काशीबाई : पालट्या असा डोक्यावर बसून मिरवत जात नाय. तो चोरीनंच जातो.

जमना : ऐकलंय. या घरात आले तेव्हापासून ऐकते. चोरी काय कधी बघितली नाय.

काशीबाई : कशी बघशील? तू आलीस नि वर्षाच्या आत माझा पोर नवशा दर्यात गेला. त्याच्या आधी हा देव एका घरात दोन होळ्या टिकायचा नाय. आज आमच्या कोळीवाड्यात, तर उद्या वाडीवाल्यांच्या माडात. ज्याच्या घरी वाईट दिवस अडून बसले, त्यानं भरल्या घरातून याला पळवायचा, जागेवर नारळ ठेवायचा. आपल्याकडं कोणी आणला ठाऊक हाय?

जमना : कोणी?

काशीबाई : नवशानंच. तुझ्या लग्नाच्या आधी. दिनानाथच्या वाडीतनं, खाऊच्या पानांच्या टोपलीत लपवून. वाटेत दिनानाथ भेटला, त्यालाच म्हणाला, जरा टोपलीला हात लाव, डोक्यावर चढव. त्यानं चढवली पण.

जमना : हे मला कधी सांगितलं नाय त्यानं.

काशीबाई : सांगायला वेळ कुठं मिळाला त्याला?

जमना : देव घरात होता, तरी तो गेला.

काशीबाई : हा देव दिवस पालटतो, बाय. कुठल्या अंगाला पालटणार ते सांगत नाय. मी त्याच्याशी भांडून भांडून थकले. पुढं गावानं दया केली. म्हातारीचा पोर गेला, देव तरी राहू दे तिच्याजवळ. चोरायला कोणी फिरकलंच नाय.

जमना : दयाच ती. वाईट काय त्यात?

काशीबाई : वाईट नाय. पण त्या दयेपायी आपण दोघी होतो तिथंच बसून राहिलो. तो कोनाड्यात, नि आपण चुलीपाशी. म्हणून मी निजायच्या आधी मागचं दार मुद्दाम उघडं टाकायची. कोणीतरी यावं, न्यावा त्याला. सकाळी बघते तर कडी घातलेली.

जमना : कडी मी घालायची.

काशीबाई : ठाऊक हाय.

जमना : मला वाटायचं, आयेला आता विसर पडतो. तुझं एक गेलं होतं. दुसरं माझ्या देखत जाऊ नये, एवढंच मनात होतं.

काशीबाई : तुझ्यावर राग धरला असता तर तेव्हाच बोलले असते. मी पडल्या पडल्या कडीचा आवाज ऐकायची नि म्हणायची, पोटची पोर असती तर तिनं पण इतकं जपलं नसतं. पण गोदूबाई विश्रामची मागणी घेऊन आली, तेव्हा पण तू कडीच घातलीस.

जमना : तो विषय नको, आये.

काशीबाई : का नको? चिंचणीचा चांगला बाप्या. बायको गेली, लहान पोर हाय. लोकांचं सामान न्यायला होडी घेऊन आलाय. सामान भरून कधीचं झालं, भरती उतरायला लागली, तरी किनाऱ्यावर दोरी सोडतो नि परत बांधतो.

जमना : त्याला नाय म्हणून सांगितलंय मी.

काशीबाई : तो नको म्हणून, की मी हाय म्हणून?

जमना : तू एकटी कशी राहशील?

काशीबाई : एकटी कुठं? माझा पुतण्या पुंडलिक हाय. त्याची बायको आनंदी हाय, तिची जीभ हाय. दिवसभर भांडायला झालं. तो नारळ घे हातात.

जमना : कशाला?

काशीबाई : चोर पालट्याला.

जमना : घरच्या माणसानं चोरला तर तो राहत नाय, परत येतो, तूच सांगतेस. मी घरचीच हाय ना?

काशीबाई : तेच तर. तू नेलास नि तो तुझ्याजवळ राहिला, म्हणजे तू दुसऱ्या घरची झालीस. त्यानंच ठरवलं, तू नाय नि मी नाय.

जमना : म्हणजे मला बाहेर काढतेस.

काशीबाई : चोराला कोणी काढतं काय? तो आपल्या पायानं जातो. रडू नको. तू रडलीस तर मला पण रडू येईल, नि पुंडलिक येऊन विचारील काय झालं. याची पुढची रीत ऐक. ज्याचा देव गेला त्यानं शोधायला निघायचं. चोराच्या दारात बसायचं, विचारायचं, आमचा पालट्या बघितलास काय. चोरानं म्हणायचं, नाय बाय, मी काय बघितला नाय. नि जेवायला वाढायचं.

जमना : कितीदा विचारायचं?

काशीबाई : त्याला काय मोजमाप नाय. सापडेपर्यंत. मी आता म्हातारी, मला नीट दिसत नाय. लवकर सापडायचा नाय तो मला.

(काशीबाई विझलेल्या चुलीकडे तोंड करून, दाराला पाठ देऊन बसते.)

जमना : आये.

काशीबाई : चोर बोलत नाय. नारळ नीट टेकवून ठेव, गडगडला तर मला मागं बघावं लागेल.

जमना : ठेवला.

काशीबाई : मागच्या दारानं जा. पंचा घेतलास ना त्याच्याभोवती? वारा हाय.

जमना : घेतला. तू येशील तेव्हा कालवण कसलं करू?

काशीबाई : बोंबलाचं कर. नि दाराला कडी घालू नको.