मास्तरांचं हसू

ताई: आणि बायकांच्या रांगेत एक म्हणत होती, इन्स्पेक्टरच्या घरातलं घड्याळ अख्ख्या सिनेमाभर दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतंय.

दिग्दर्शक: सेल संपला होता त्याचा. आणखी काय?

ताई: पहिल्या भागात जिचा खून झाला, ती या भागात बँकेत बसलीय म्हणे.

दिग्दर्शक: विग लावला होता की तिला.

ताई: विगसकट ओळखली. पण एक सांगते, मध्यंतर झालं म्हणून कोणी घरी निघालेलं नाही. सगळ्यांना एकच घोर, खुनी कोण. एक म्हणते शिंपीच असणार, दुसरी म्हणते, नाही गं, या वेळी त्याला सोडतील. पैज लागलीय दोघींची.

दिग्दर्शक: म्हणजे लोक अडकलेत. मग तुझा चेहरा असा का?

ताई: तिसऱ्या रांगेत कोण बसलंय ते बघितलंस?

दिग्दर्शक: कुठं?

ताई: वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस.

दिग्दर्शक: बघितलं. दिवे जायच्या आधीच बघितलं. शिंपी मास्तर नवा शर्ट घालून आलेत. म्हणून तर पहिल्यापासून या खांबामागं उभा आहे.

ताई: बायको आहे, नात आहे, आणि मागच्या रांगेत त्यांच्या गल्लीतल्या सात-आठ बायका. सगळ्यांना स्वतः गोळा करून आणलंय त्यांनी.

दिग्दर्शक: मी त्यांना पास पाठवला नव्हता. मुद्दामच. वाटलं, आठवड्यात सिनेमा उतरेल, मग सवडीनं सांगता येईल.

ताई: सवडीनं. तुझी सवड आणि आभाळाला शिडी. त्या माणसाला तू शब्द दिला होतास. मी समोर होते. "मास्तर, दुसऱ्या भागात तुमचं नाव साफ करतो." हात हातात घेऊन म्हणालास.

दिग्दर्शक: तेव्हा खरंच करणार होतो. सीन लिहिला, शूट केला. खरा खुनी डॉक्टर निघतो, मास्तर दुकानात बसून रडतात. सव्वाचार मिनिटं. एका टेकमध्ये केलं त्यांनी.

ताई: आणि आपण ते काढून टाकलं.

दिग्दर्शक: "आपण" म्हणालीस ते बरं वाटलं.

ताई: संकलन माझं आहे, हात मी झटकत नाही. पण त्यांना सांगायचं काम तुझं होतं.

दिग्दर्शक: तीस लोकांना दाखवला होता ना आपण सिनेमा? तिसांतले सत्तावीस म्हणाले, शिंपी निर्दोष निघतो तिथे सिनेमा बसतो. तो दाढीवाला आठवतो? म्हणाला, तो म्हातारा रडायला लागला आणि मला हसू आलं.

ताई: त्याला हसू आलं, म्हणून मास्तर पुन्हा खुनी. बरोबर?

दिग्दर्शक: अगं, पहिला सिनेमा त्यांच्यामुळेच चालला. ठरलेला नट ऐन वेळी आला नाही. हे त्यांच्याच दुकानात कात्री घेऊन उभे होते. मी म्हटलं, मास्तर, नुसतं कॅमेऱ्याकडे बघा. लोकांची बोबडी वळली.

ताई: त्याच बघण्यानं सिनेमा उभा राहिला आणि त्यांचं दुकान बसलं. बायका आत पाऊल टाकत नाहीत. जुना कपडा मापाला म्हणून पिशवीतून पाठवतात. नातीला वर्गात कात्री म्हणतात. आणि आता शेवटचा शॉट बघितल्यावर काय म्हणतील?

दिग्दर्शक: तो शॉट भारी आहे, ताई. तूच म्हणाली होतीस.

ताई: भारी आहे, म्हणून तर लाज वाटते. तो सीनमधला आहे का? पहिल्या सिनेमाच्या वेळी कॅमेरा बंद करायचा राहिला होता. मास्तर सुई ओवत बसले होते, ही नात डबा घेऊन दारात आली, तिच्याकडे बघून हसला तो माणूस. आपण त्याच्या आधी मेलेल्या बाईचा बूट दाखवला आणि खाली तो चढता सूर लावला.

दिग्दर्शक: हळू बोल. इकडेच येतायत.

मास्तर: बरे सापडलात. खांब पडेल म्हणून धरून उभे आहात का?

दिग्दर्शक: या, मास्तर. कसा वाटतोय?

मास्तर: मला सिनेमातलं काय कळतं? पण त्या इन्स्पेक्टरचा उजवा खांदा ओढतोय, बघवत नाही. मापाला ये म्हणून तीनदा निरोप दिला, आला नाही. मग अंदाजानं शर्ट बेतला.

ताई: लोकांना घड्याळ दिसलं, तुम्हाला खांदा दिसला.

मास्तर: ज्याचं दुखणं त्याला दिसतं. बरं, एक विचारायला आलो. माझं ते रडायचं कधी येतं? आमच्या हिला रुमाल काढून ठेवायला सांगितलंय.

दिग्दर्शक: ते... शेवटी आहे.

मास्तर: अगदी शेवटी?

दिग्दर्शक: हो. शेवटी तुम्हीच आहात.

मास्तर: मग हरकत नाही. नात माझ्या शेजारी बसायला तयार नाही. आजीला मध्ये बसवलंय. म्हटलं, बस बाई तिकडं, शेवट झाला की आपणहून इकडे येशील. गल्लीतल्या बायकांनाही तेच सांगितलंय. अर्धवट बघून उठू नका, शेवट बघा आणि मग काय ते बोला.

ताई: मास्तर, जरा थांबा, मला तुम्हाला...

दिग्दर्शक: ताई, घंटा झाली.

मास्तर: जातो. अंधारात खुर्ची सापडत नाही मला. आणि तुम्हीही कुठंतरी बसा रे, स्वतःचाच सिनेमा उभ्यानं काय बघता?

ताई: तू मला बोलू दिलं नाहीस.

दिग्दर्शक: माहीत आहे.

ताई: अजून पन्नास मिनिटं आहेत. आत जा, त्यांना बाहेर बोलाव आणि सांग.

दिग्दर्शक: त्या बायकांसमोर?

ताई: नाहीतर त्या बायकांसमोर पडद्यावर सांगशील.

(सिनेमा संपला आहे. लोक पांगले आहेत. जिन्याखालच्या बाकावर मास्तर बसले आहेत. दिग्दर्शक समोर उभा आहे.)

मास्तर: बस. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही, लगेच त्याचं माप घ्यावंसं वाटतं.

दिग्दर्शक: घरचे कुठं गेले?

मास्तर: ही तोंड धुवायला गेलीय. रुमाल ओला केलाच तिनं, वेगळ्या कारणानं. नात ती तिथं, पोस्टरपाशी. घरी आजीबरोबर जाईन म्हणाली. आणि तुझी ताई?

दिग्दर्शक: बाहेर आहे. तुमच्यासमोर यायला धजत नाही.

मास्तर: शिट्ट्या ऐकल्यास?

दिग्दर्शक: ऐकल्या.

मास्तर: मागची पोरं तर उभी राहिली. मी हसलो आणि ती उभी राहिली. गल्लीतल्या बायका मात्र एका अक्षरानं बोलल्या नाहीत. एकेक करून गेल्या. एकीनं नमस्कार केला, तोही चार खुर्च्या सोडून.

दिग्दर्शक: मी तुम्हाला सांगणार होतो, मास्तर.

मास्तर: कधी?

दिग्दर्शक: शूटिंग संपल्यावर सांगणार होतो. मग पोस्टर छापलं तेव्हा. मग आज, मध्यंतरात.

मास्तर: मध्यंतरात तू म्हणालास, शेवटी आहे.

दिग्दर्शक: खोटं बोललो.

मास्तर: तसं खोटं नाही म्हणता येणार. शेवटी मीच होतो.

दिग्दर्शक: तुम्ही रागवा हो. दोन शिव्या द्या. हे असं बोलू नका.

मास्तर: रडताना मी वाईट दिसत होतो का?

दिग्दर्शक: नाही. चांगलं केलं होतं तुम्ही. आम्ही तीस लोकांना दाखवलं, त्यांना ते पटलं नाही. त्यांना तुम्हीच खुनी हवे होतात. मी घाबरलो. हा सिनेमा पडला असता तर मला पुन्हा कोणी उभं केलं नसतं.

मास्तर: तीस लोक. तुझ्या शाळेच्या चड्डीपासून तुझे कपडे शिवतोय मी. तीस लोकांना विचारून कधी कापड कापलं नाही. ज्याच्या अंगावर जायचं त्याला विचारतो.

दिग्दर्शक: मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

मास्तर: हवं होतं. बरं, आता एक ऐक. आमच्यात पद्धत आहे. कपडा शिवून झाला की उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत द्यायचा. वीतभर का असेना. कापड त्याचं असतं. तर ते माझं रडणं मला दे. सिनेमात नको घालूस. माझ्या नातीला दाखवतो आणि दुकानात ज्या येतील त्या दोघी-तिघींना.

दिग्दर्शक: मास्तर...

मास्तर: सव्वाचार मिनिटंच तर आहेत. मला आकडा पाठ आहे, तूच सांगितला होतास.

दिग्दर्शक: ते आता नाहीये.

मास्तर: नाहीये म्हणजे?

दिग्दर्शक: आमच्याकडे दोनच डिस्क होत्या. नव्या शेवटासाठी पाठलाग शूट करायचा होता, जागा नव्हती. मग जे लागणार नव्हतं ते पुसलं.

मास्तर: जे लागणार नव्हतं ते.

दिग्दर्शक: माझा शब्द चुकला.

मास्तर: शब्द बरोबर आहे रे. आणि ते हसू तेवढं राहिलं?

दिग्दर्शक: ते पहिल्या सिनेमाच्या डिस्कवर होतं. जुनं.

मास्तर: जुनंच. तेव्हा मिशी जास्त काळी होती. मी आत ओळखलं लगेच. त्या दिवशी ही पोर डबा घेऊन आली होती. नऊ वर्षांची असेल. पहिल्यांदाच एकटी रस्ता ओलांडून आली होती.

दिग्दर्शक: मला माहीत होतं.

मास्तर: काय माहीत होतं?

दिग्दर्शक: तुम्ही कोणाकडे बघून हसताय ते. शॉट लावताना माहीत होतं. तिचा आवाजही होता त्याच्यावर. "आजोबा, एक थेंब सांडला नाही बघा." तो आवाज मी बंद करायला लावला. ताई नको म्हणत होती.

मास्तर: ते माहीत असून लावलंस.

दिग्दर्शक: हो.

मास्तर: इतका वेळ मी म्हणत होतो, पोराच्या ध्यानात आलं नसेल. गडबडीत माणूस उलटं कापड कापतो, माझ्याही हातून झालंय.

दिग्दर्शक: गडबड नव्हती. शांतपणे लावलं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मला एकट्याला तिचा आवाज ऐकू येत होता. कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं.

मास्तर: तो आवाजही पुसलास?

दिग्दर्शक: नाही. तो आहे. माझ्या फोनवर आहे, चित्रासकट. का ठेवला ते मलाच ठाऊक नाही.

मास्तर: मग तुकडा उरलाय की.

दिग्दर्शक: तुम्हाला पाठवतो. आत्ता पाठवतो.

मास्तर: मला नको. मला तो दिवस तोंडपाठ आहे. जा, तिला दाखव.

दिग्दर्शक: मी? तुम्हीही चला ना.

मास्तर: मी जवळ गेलो की ती मागं सरकते. आणि माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही. तिनं तुझा सिनेमा बघितलाय, आता तूच सांग. जा. मी इथंच आहे.

दिग्दर्शक: बाळ, एक मिनिट. मी...

नात: मला माहितीये तुम्ही कोण ते.

दिग्दर्शक: हे जरा बघतेस? जवळ धर, बाहेरचा आवाज फार आहे.

नात: हे आमचं दुकान आहे.

दिग्दर्शक: हो. पुढं बघ.

नात: हा माझा आवाज आहे.

दिग्दर्शक: तुझाच आहे. तू दारात उभी होतीस, कॅमेऱ्याच्या मागं. आजोबा तुझ्याकडे बघून हसले. मी तो आवाज काढून टाकला आणि ते हसू सिनेमात लावलं. चूक माझी आहे. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

नात: परत लावा.

दिग्दर्शक: लावतो.

नात: त्या डब्यात आमटी होती. मी अख्खा रस्ता मुंगीसारखी चालले होते. आजोबा इतके हसले की सुई हरवली, मग आम्ही दोघं शोधत बसलो.

दिग्दर्शक: सुई सापडली का?

नात: माझ्या फ्रॉकला लागली होती. फोन द्या जरा. आजोबांना दाखवून परत आणते.

दिग्दर्शक: घे. सावकाश आण.

नात: काका.

दिग्दर्शक: काय गं?

नात: पुढच्या खेळाची माणसं आत चाललीत. त्यांना कोण सांगणार?