कढईची चिठ्ठी

फुलवंता : मी मशीनवर कढईचं बटन दाबलं अन् काचेतल्या चिठ्ठीवर रोडरोलर दिसला. आता अजून किती डाव सांगू, साहेब?

खरवडे : हळू बोला, फुलवंताबाई. बाहेर रांग उभी आहे.

फुलवंता : मंग दार लावा. पन माझं आयका.

खरवडे : मतदान चालू असताना दार लावता येत नाही. लावलं तर लोक म्हणतील, केंद्राध्यक्ष आत काहीतरी शिजवतोय. तुम्ही आधी या बाकावर बसा. हवालदार, पुढच्यांना जरा बाहेरच थांबवा.

डोमाजी : साहेब, तिचं मनावर घेऊ नोका जी. हिवाळ्यात मोतीबिंदू काढला तिचा. अजून डोळ्याले पानी येते.

फुलवंता : एका डोळ्याचा काढला. दुसऱ्या डोळ्यानं तलावात मासोळी कुठं वळली ते मी काठावरून सांगते. तुमाले दिसत नाई तवा मलेच इचारता ना?

खरवडे : डोमाजी, तुम्ही इथे उमेदवाराचे एजंट म्हणून बसला आहात. नवरा म्हणून मध्ये बोलू नका.

डोमाजी : एजंट रोडरोलरचाच हाय जी मी. पन संध्याकाळी घरी तं हिच्यासंगंच जा लागते ना... थांब. थांब जरा. तू कढई दाबली?

फुलवंता : हाव.

डोमाजी : तू मले सकाळी का म्हनली व्हती?

फुलवंता : मी काईच नाई म्हनली. तुमीच म्हनले, मी आयकलं.

डोमाजी : फुलवंते, रोडरोलरवाला मालक तिकडं पिंपळाखाली खुर्ची टाकून बसला हाय! घरचं एक बी मत हलनार नाई म्हून मी सांगून आलो त्याले. तलावाचा ठेका त्याचा, राखनदारी त्यानंच देल्ली मले.

फुलवंता : कोनाचा तलाव राखता तुमी? आपलाच. आज्यापंज्यानं जाळे टाकले त्या पान्यात. आता आपलंच पोरगं गळ घेऊन गेलं तं त्याले हुसकाव्याचे तुमाले पैशे भेटतेत.

डोमाजी : हळू बोल वं. खिडकी उघडी हाय.

खरवडे : दोघंही गप्प बसा. फुलवंताबाई, मी तुम्हाला एकदाच विचारतो, नीट आठवून सांगा. बटण दाबलं, लाल दिवा लागला. तो कशापुढे लागला?

फुलवंता : कढईपुढं.

खरवडे : आणि काचेत?

फुलवंता : उजेड आला. चिठ्ठी दिसली. तिच्यावर रोडरोलर. मी पाहतच राह्यली, अन् ते खाली पडली, अंधार झाला. मी हात लावून पाह्यला काचेले. गरम व्हती.

खरवडे : तुमची खात्री आहे?

फुलवंता : आता तुमी मले असे पाहता, तं खातरी थोडी हालते. पन दिसलं ते दिसलं.

खरवडे : मग कायदा काय म्हणतो ते ऐका. मला हे वाचूनच दाखवावं लागतं, पण मी साधं सांगतो. तुम्ही लिहून द्यायचं की चिठ्ठी चुकीची आली. मग माझ्यासमोर आणि इथल्या एजंटांसमोर तुम्ही पुन्हा एकदा बटण दाबायचं. चिठ्ठी चुकीची आली, तर मी मतदान बंद करतो आणि वर कळवतो.

फुलवंता : मंग करू. त्यात का हाय?

खरवडे : आणि बरोबर आली, तर तुमची तक्रार खोटी ठरते. गुन्हा होतो. सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, दंडही होऊ शकतो.

डोमाजी : आयकलं? तुरुंग! चाल, ऊठ. साहेब, तिनं काई पाह्यलं नाई. ऊन लागलं तिले.

फुलवंता : म्हंजे मशीन चुकली तं मशीनले दुरुस्त करनार, अन् मी चुकली तं मले तुरुंग?

खरवडे : रोज उठून कोणी खोटं बोललं तर मतदान चालायचंच नाही, म्हणून तो नियम आहे.

फुलवंता : मी खोटं नाई बोलत. चुकली असंन तं चुकली असंन. चुकनं अन् खोटं बोलनं एकच हाय का, साहेब?

खरवडे : ...कागदावर एकच आहे.

डोमाजी : कढईवालीचा एजंट बी नाई इथं. तो असता तं त्यानं तरी सांगतलं असतं हिले.

फुलवंता : तो कायले येईल? काल रातच्याला त्याची गाडी कोनी अडवली ते गावात साऱ्याले मालूम हाय. अन् तुमाले बी मालूम हाय.

डोमाजी : मी नव्हतो तिथं. देवाची आन, मी नव्हतो.

खरवडे : फुलवंताबाई, मी तुम्हाला घाबरवत नाही. खरं सांगू? मीच घाबरलोय. बाहेर दोन पोलीस आहेत, त्यातला एक होमगार्ड. तुमचं बोलणं एव्हाना रांगेत गेलं असेल. यंत्र चुकीचं निघालं तर सकाळपासून मत टाकून गेलेले सगळे परत येतील. ते मला विचारणार नाहीत, हे खोकं कुठल्या कारखान्यात बनलं म्हणून. मला धरतील.

फुलवंता : मंग तुमी बी भ्या अन् मी बी भिऊ. असेच बसू का दोघं इथं?

खरवडे : तुमची कढईवाली बाई भाषणात म्हणते ना, निवडून आले तर कागदी मतपत्रिकेचा कायदा आणा म्हणून सभागृहात उभी राहीन?

फुलवंता : हाव. शिक्का मारला का आपल्या डोळ्यासमोर राह्यते म्हनते. घडी आपुन घालतो, पेटीत आपुन टाकतो. मले पटलं ते.

खरवडे : माझे वडीलही माझ्यासारखेच मास्तर होते. शिक्क्याच्या काळात त्यांना अशाच एका गावात ड्यूटी लागली. दुपारी माणसं शिरली. वडिलांच्या मानेवर कोयता ठेवून सगळ्या कोऱ्या मतपत्रिकांवर एकाच चित्रावर शिक्के मारले. विरोधातल्या लोकांनी ती पेटीच उचलून विहिरीत टाकली. वडील घरी आले, पण पुढे आठवडाभर जेवताना हात मानेकडे जायचा. म्हणून मला कागद म्हटलं की धाक वाटतो.

फुलवंता : पन त्याइले कोयता दिसला तं खरा.

खरवडे : म्हणजे?

फुलवंता : कोन आलं, कोनी मारला, ते तुमचे बाबा सांगू शकले. मी कोनाचं नाव सांगू? मले तं नुसती काच दिसली.

डोमाजी : फुलवंते, आयक माझं. मी तुले कधी हात जोडले का? आता जोडतो. मालकाचा मानूस खिडकीपासी येऊन ठेपला हाय. तू उठून चाल. मी सांगतो त्याले, हिले चक्कर आली. राखनदारी गेली तं गेली, पन हे लोक तेवढ्यावर थांबत नाईत. पोराचं जाळं काठावर जाळलं व्हतं ना त्याइनं? तवा मी तुले खोटं सांगतलं का बिडीनं पेटलं म्हून.

फुलवंता : मले मालूम व्हतं.

डोमाजी : मालूम व्हतं तं बोलली कायले नाई?

फुलवंता : तुमाले किती भेव वाटते ते पाह्यलं म्हून. साहेब, लगीन झालं तवापासून हे सांगतेत तेच बटन मी दाबत आली. वाईट नाई वाटलं कधी. या डावा पैल्यांदा माझ्या मनानं दाबलं. अन् तेच दुसऱ्याचं निंगलं म्हनल्यावर मी तशीच घरी जाऊन भात टाकू का? द्या तो कागद.

खरवडे : पुन्हा विचार करा.

फुलवंता : विचार केला तं उठून जाईन मी. द्या लवकर.

खरवडे : इथे सही. आणि हे समजून घ्या, आता दाबाल ते मत मोजलं जाणार नाही. ती फक्त चाचणी. आम्ही दोघं बाजूला उभे राहून बघणार.

फुलवंता : आता लपवाचं का राह्यलं?

डोमाजी : साहेब, मी नाई पाहत. मले नोका बोलावू.

खरवडे : एजंट आहात, पाहावं लागेल. इकडे या. दाबा, फुलवंताबाई.

(फुलवंता बटण दाबते. यंत्राचा लांबलचक आवाज. तिघंही काचेवर वाकतात.)

खरवडे : कढई.

डोमाजी : कढईच हाय. साफ दिसते.

फुलवंता : हाव. कढई.

डोमाजी : झालं ना मंग! बरोबर आली. सुटलो बापा. चाल घरी.

खरवडे : बरोबर आली म्हणूनच आता त्यांना सोडता येत नाही, डोमाजी.

डोमाजी : साहेब, फाडून टाका तो कागद. कोनाले कळते?

खरवडे : खिडकीतल्या माणसानं सगळं ऐकलंय. तो बघा, पोलिसांना फोन लावतोय. मी फाडला तर उद्या माझ्यावर. आणि तुमच्यावरही, एजंट म्हणून.

डोमाजी : मंग माझं नाव लिवा. मीच भडकावली म्हना.

फुलवंता : रोडरोलरच्या एजंटानं कढईसाठी भडकावली? कोन मानन? उगे राहा तुमी. साहेब, एक सांगू? चिठ्ठी बरोबर निंगली तवा माझ्या जिवाले बरं वाटलं. चुकीची निंगली असती तं सकाळपासून माझ्या आंधीच्याइनं टाकलं त्याचं का झालं असतं? पन मंग पैल्यांदा मी का पाह्यलं?

खरवडे : खिडकीतून काचेवर ऊन येतं. किंवा मनात भीती होती, तीच दिसली असेल. किंवा तुम्ही म्हणता तसंच घडलं असेल. मला यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही.

फुलवंता : पैली चिठ्ठी आतच पडली ना? कागदच हाय ना तो? काढून पाहा. माहा बी फैसला व्हते, तुमचा बी.

खरवडे : तो डबा उघडायचा अधिकार मला नाही. मोजणीलासुद्धा मोजक्याच केंद्रांच्या चिठ्ठ्या काढतात. आपलं केंद्र त्यात आलं तरी तुमची कोणती हे कोणी सांगू शकणार नाही. चिठ्ठीवर नाव नसतं. मत गुप्त राहावं म्हणून.

फुलवंता : माहं तं साऱ्या गावाले मालूम झालं. आता या दुसऱ्या कागदावर बी सहीच करू?

खरवडे : सही. इथे लिहिलंय, चाचणी मत कढईला गेलं... सही वाकडी येतेय. पाणी घेता का?

फुलवंता : हे माही सही नाई साहेब, तुमचा टेबल हालते. तुमचा गुडघा लागते त्याले.

खरवडे : ...माफ करा.

डोमाजी : गाडी आली. पोलिसाची गाडी आली, फुलवंते.

फुलवंता : आयकू येते मले. चुलीवर भाताचं आंधन ठेवलं हाय, शेजारच्या बाईले उतरवाले सांगा. बुढीले सांगू नोका, बजारात गेली म्हना.

डोमाजी : मी येतो तुह्यासंगं. साहेब, मले बसू देतीन का गाडीत?

खरवडे : नाही बसू देणार. तालुक्याच्या ठाण्यात नेतील. तुम्ही मागून या. मी वकिलाचा नंबर देतो, माझ्या ओळखीचे आहेत. आणि मी लिहीन अहवालात, की बाई खोटं बोलताना मला वाटल्या नाहीत.

फुलवंता : ते लिवाले भेव नाई वाटनार तुमाले?

खरवडे : वाटेल.

फुलवंता : आयका हो. तुमी अजून मत टाकलं नाई ना?

डोमाजी : आता कायचं मत घेऊन बसली वं तू!

फुलवंता : टाकून मंग या. वाया नोका घालू. मी तुमाले इचारनार नाई कोनाले टाकलं. येते, साहेब.

खरवडे : ...डोमाजी, पाणी प्या. बसा थोडा वेळ.

डोमाजी : नाई जी. बसलो तं उठता येनार नाई. माही शाई लावा. हे बोट... हा. मालक तिथून पाहते का?

खरवडे : खुर्चीवरून उठून उभा राहिलाय. पण आडोशाच्या आतलं त्याला दिसत नाही. आतलं कोणालाच दिसत नाही. जा तुम्ही.

डोमाजी : ...झालं जी. वाजलं.

खरवडे : चिठ्ठी बरोबर आली ना, डोमाजी?

डोमाजी : मी पाह्यलंच नाई, साहेब. बटन दाबलं अन् डोळे मिटून घेतले.