रस्त्याकडची खिडकी

— ओल नाही ती. चाकाचा डाग आहे. आधीचा भाडेकरू ओली सायकल रोज त्याच भिंतीला टेकवायचा. दहादा सांगितलं, बाबा, खुंट्या आहेत, त्या वापर, तर म्हणे खुंटीला लटकवली की चाकाच्या तारांवर ताण येतो. तारांवर ताण! बायकोचा गुडघा सुजला होता, रोज बसस्टॉपपर्यंत चढून उतरून, तो नाही दिसला त्याला — जाऊ दे. बसा तुम्ही. नवरा येईपर्यंत काय उभ्याच राहणार? तो काही इतक्यात येत नाही. खाली पार शहरातल्या सातव्या हमरस्त्यापर्यंत उतरणार, मग वळून घाट चढत येणार. ‘आधी चढून बघतो, मग घर ठरवतो’ — असंच म्हणाला ना? ऐकलं मी. नळ सोडून बघितला नाही, मोरी बघितली नाही, झोपायची खोली कुठली तेसुद्धा विचारलं नाही, मनगटावरचं घड्याळ दाबलं नि सुटला. सगळे असेच. घ्या, गरम आहे तोवर घ्या. गुळाचं पाणी आहे, चीजचे तुकडे त्यातच टाका, मऊ झाले की चमच्याने काढून खायचे. पातिओसच्या घाटात थंडीला दुसरा उपाय नाही.

तर आधी कुठे कुठे बघितलंत? चिया? वाटलंच मला. छान असेल की घर? उन्हाचं, अंगणवालं — हो ना — आणि तुमच्या सूबा भागातल्या नोकरीला एकच बस. मग का नाही घेतलं? थांबा, मी सांगते. सपाट! बरोबर? ‘सपाट आहे गं यादिरा, सपाटीवर माणूस मऊ पडतो.’ यादिराच ना तुमचं नाव? मघाशी हाक मारली त्याने. आणि कोता? तिकडे वारा आडवा येतो. सोपो लांब पडतं. दक्षिणेला बघायचंच नाही, तिकडे सायकली हिसकावतात. असं एकेक गाव खोडत खोडत शेवटी इथे, घाटाच्या माथ्याला, कारण काय — तर घरी यायचं म्हणजे रोज चढूनच यावं लागेल, आळसाला जागाच नाही! हसू नका, मी काही ज्योतिषी नाही. माझ्या नवऱ्याने हे घर घेताना हेच म्हटलं होतं, आणि त्याच्यानंतर या खोल्यांत जेवढे राहून गेले तेवढ्यांनी हेच म्हटलं. अहो, शहाणा सायकलवाला घाटाच्या पायथ्याशी राहतो. सकाळी अंग तापवत चढायचं, दमलं की नुसतं घसरत घरी यायचं. माथ्यावर घर घेतलं की दिवसाची सुरुवातच उताराने होते — पहाटेची थंडी, धुकं, रस्ता ओला, बोटं बधिर, अंग आखडलेलं. पण हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. सगळ्यांना चढ दिसतो. उताराचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

— तो? खोकला होय. ते एउदोरो. माझे यजमान. आहेत ना, आहेत, कुठे जातायत? मागच्या खोलीत असतात. पाठीचा मणका गेला, मानेपासून खाली काही हलत नाही. त्या खालच्या वळणावर, जिथे ते निळं पाण्याचं टाकं आहे ना, तिथे कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला असता, पण बोटांत जीव नव्हता. हातमोजे घातले नव्हते. घालणार कुठून, मी धुऊन टाकले होते, ओलेच होते दोरीवर. मी म्हटलं, एक दिवस बिनहातमोज्यांचे गेलात तर काय मराल? — नाही मेले. घ्या ना चीज, तसंच राहिलंय. आणि मी तुला तूच म्हणते आता, चालेल ना? मुलीच्या वयाची आहेस. मुलगी नाही मला. होणार होती, पण तेव्हा शर्यतींचा हंगाम होता, ‘आत्ता नको, ओतिलिया, पुढच्या वर्षी बघू’ — आणि पुढच्या वर्षी देवानेच नको म्हटलं. तुला दिवस गेलेत ना? अगं, लपवतेस काय, उठता-बसताना हात कुठे जातो तुझा, मला काय दिसत नाही? त्याला सांगितलंस? — नाही? का? हंगाम आहे म्हणून? बघ. मी काही बोलत नाही.

मी आधी खाली शहरात, फोंतिबोनला शिवायची. लग्नाचे झगे. माझ्या हातचा झगा घालून गेलेली मुलगी चर्चमध्ये मागे वळून बघायची नाही, एवढी घट्ट शिलाई, एवढा बरोबर कंबरेला. दारात रांग असायची पोरींची, आया बरोबर, मावश्या बरोबर, नुसता कलकलाट. मग आमचे एउदोरो म्हणाले घाटावर घर बघितलंय. मी म्हटलं, गिऱ्हाईक चढून येईल का हो इथवर? म्हणाले, ‘चांगल्या कामाला माणूस कुठेही येतो.’ कुणी आलं नाही. कोण येणार, नवरी मुलगी पांढरं कापड घेऊन या धुक्यात? आता मी सायकलवाल्यांच्या कोपरं फाटलेल्या जर्सींना चेन लावून देते. आणि माझी आई खाली फोंतिबोनला आजारी पडली तेव्हा मी म्हटलं, थोडे दिवस खाली जाऊन राहू या, दोघंही. म्हणाले, ही एवढी शर्यत होऊ दे. शर्यत झाली. अकरावे आले. आईला मी शवपेटीतच बघितलं. अजून राग येतो मला, खोटं कशाला बोलू, ताटात घास असताना येतो. एवढ्यासाठी? अकराव्या नंबरासाठी?

काय? — मग बाहेर पाटी का लावली, ‘खोल्या सायकलवाल्यांनाच मिळतील’ म्हणून? हुशार आहेस. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही मला. सगळ्यांना वाटतं, बाईचा नवरा सायकलपटू होता, बाईला माया असणार. ला कालेरा गावचे पाद्री तर म्हणाले, ओतिलिया, तुझं मन मोठं. आता बघ, ती पडवी दिसते ना, खुंट्या मारल्यात ती? ती भिंत त्यांच्या खोलीची. त्यांच्या उशाशीच. पहाटे भाडेकरू सायकल उतरवतो, चाक मोकळं फिरतं, टिक-टिक-टिक-टिक, मग त्या बुटांचा खडखड आवाज फरशीवरून, मग दार. आणि गेला. रोज. पहिल्या दिवशी मी मुद्दाम आत जाऊन उभी राहिले होते, बघायला. डोळे उघडे होते. पाणी कानात जात होतं, पुसायला हात नाही. मी पुसलं ना! मीच पुसलं. मी काही वाईट बाई नाही, अंगाला एक फोड येऊ दिला नाही मी त्यांच्या, दिवसातून चारदा कूस बदलते, डॉक्टर नावाजतात.

रेडिओही लावते मी त्यांना. मोठ्या शर्यती असतात ना, तिकडे युरोपात, आपली पोरं डोंगरात पुढे निघाली की सगळा मुलूख रेडिओला कान लावून बसतो. मी त्यांच्या उशाशी ठेवते. बोलणारा ओरडायला लागतो, शेवटचा चढ आला, आपला पोरगा सुटला, सुटला, मागे कुणी नाही — आणि मी बंद करते. आणि थांबते. विचारा म्हणावं, कोण जिंकलं? एवढंच विचारा, ‘ओतिलिया, कोण जिंकलं?’ मी लगेच लावीन पुन्हा. — नाही विचारत. भिंतीकडे बघत राहतात.

अगं, बोलता येतं! येत होतं. दवाखान्यात त्यांच्या क्लबचे लोक यायचे तेव्हा ह्यांची टकळी चालू, कुठल्या घाटाला कुठला गिअर, कोण कुणाला कुठे सोडून गेला. मी सूप घेऊन उभी. घरी आणलं, पलंग खिडकीशी लावला मी, मीच लावला, त्यांना रस्ता दिसावा म्हणून. वर्षभर तोंड रस्त्याकडे नि पाठ माझ्याकडे. घास भरवायचा तर मान वळवायचे नाहीत, रस्त्याकडे बघतच तोंड उघडायचे. मी आहे की नुसता चमचा आहे, कळायचंच नाही. एक दिवस मी खिडकीची झडप लावली. कडी घातली, बस. कुलूप नाही, मी काय तुरुंगाची जेलर आहे? म्हटलं, नाव घेऊन सांगा, ‘ओतिलिया, खिडकी उघड’, त्याच क्षणी उघडते. तेव्हापासून गप्प. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, जीभ ठीक आहे, घसा ठीक आहे, पण धक्क्याने कधीकधी वाचा जाते, ओतिलियाबाई, जबरदस्ती करू नका. आधी मला पटायचं नाही. आताशा वाटतं, गेलीच असेल. खरंच गेली असेल. तसं असेल तर बरंच आहे. म्हणजे मग ते बोलत नाहीत असं नाही, त्यांना बोलता येत नाही. त्यात फरक आहे ना? मोठा फरक आहे. रात्री मी हेच मनाशी म्हणते नि मग झोप लागते.

बघायचंय? ये की, लाजतेस काय. अगं, लाजायचं त्यांनी, आपण कशाला. ये — डोकं सांभाळ, दार बुटकं आहे. एउदोरो, पाहुणी आलीय. यादिरा. हिचा नवरा घाट चढायला गेलाय, पोरगी इथे एकटी बसवून. ओळखीचं वाटतंय का काही? — बघ, ही अशी नजर असते. अंधार आहे थोडा, सवय होते. हात? हात लाव, कळत नाही त्यांना. ते पदक त्याच अकराव्या नंबराचं, भाग घेतला म्हणून सगळ्यांनाच दिलं होतं, मी मुद्दाम समोर टांगलंय. ऐकतेस ना पोरी, तुला एक सांगून ठेवते, बाईने बाईला सांगावं तसं. तू इथल्या भाड्याच्या खोल्या घे. राहा इथे. भाडं कमी करीन मी तुझ्यासाठी. तुझ्या नवऱ्याला रोज सकाळी या उताराने जाऊ दे, काही बोलू नकोस, थांबवू नकोस, नुसती — काय? तोंड का उतरलं तुझं? मी काही वाईट चिंतत नाहीये. मी म्हणतेय, शेवटी ते घरीच राहतात. शेवटी ते आपलेच होतात.

— श्श. ऐक. आला वाटतं. साखळीचा आवाज. आणि धाप बघ केवढी लागलीय, निळ्या टाक्याच्या वळणावर आहे अजून, तिथे चढ अंगावर येतो. एउदोरो, ऐकताय ना? नवीन आहे. चांगला चढतोय.

अगं — अगं, काय करतेस? कडीला हात लावू नकोस. यादिरा! मी सांगितलं ना तुला, त्यांनी मागितल्याशिवाय — बाजूला हो, ती कडी गंजलीय, बोट कापेल — पोरी, ऐक माझं —

…

केवढा उजेड आला. डोळे मिटा हो, एउदोरो, दिपतील. मी लावते पुन्हा, लगेच ला—

काय?

काय म्हणाले?

तू ऐकलंस? ‘बसून’ म्हणाले. ‘बसून चढव.’ — पुन्हा! पुन्हा म्हणाले. ‘सीट सोडू नकोस, वळण संपू दे, मग ऊठ’ — केवढ्या मोठ्याने, अगं, रस्त्यापर्यंत गेला आवाज, तो बघ, वर बघतोय तुझा नवरा, बसला बघ सीटवर, ऐकलं त्याने. हसतायत. हे हसतायत. आवाज तस्साच आहे. काहीसुद्धा झालेलं नाही आवाजाला.

एउदोरो.

अहो, एउदोरो. इकडे. मी आहे. ओतिलिया. माझ्याकडे बघा ना, एकदा. काहीही म्हणा. शिवी द्या. हातमोज्यांचं म्हणा. म्हणा की, ‘ओतिलिया, तू —’ काहीही. आत्ता आवाज होता ना तुमच्याजवळ? ज्याचं नावही माहीत नाही त्या पोराला — एउदोरो —

…

मान नाही वळवली.

— रडताय कशाला तुम्ही? पुसा डोळे. नवरा दारात आला असेल, जा. त्याला सांगा, घर दिलं. दुसऱ्या कुणाला तरी दिलं. तुम्ही चियाला जा, सपाटीवर, उन्हात. गुळाच्या पाण्याचे पैसे नकोत. जा म्हणते ना! आणि ती खिडकी राहू द्या, तिला हात लावू नका आता. ती मी लावीन.