यातला दादाचा कार्बोरेटर कुठला?

आमच्या दादाच्या ट्रकचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, बघा तुम्हाला सुटतंय का. पन्नास-बावन्न साल असेल, तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो. दादाचा ट्रक लढाईच्या वेळचा. खडी भरली की पवईच्या चढावर धापा टाकायचा आणि बाकीचे ड्रायव्हर हॉर्न मारत पुढे जायचे. दादाच्या डोक्यात आलं, कार्बोरेटरचं तोंड रुंद केलं तर इंजिनाला हवा जास्त मिळेल. भंगारातून तसलाच दुसरा पितळी कार्बोरेटर आणून त्याने तो घरीच कानशीने घासला. मूळचा जपून ठेवला, चुकलंच तर असावा म्हणून.

दुपारी बघतो तर आमच्या मालवणी आईने दोन्ही कार्बोरेटर चिंच लावून लख्ख केलेले आणि उन्हात वाळत घातलेले. घासलेल्यावर दादाने केलेली खडूची खूण गेली.

"आई, यातला मी घासलेला कुठला?"

"दोनय तुझेच ना रे?"

कानस भीत भीत मारलेली, त्यामुळे बघून काही कळेना. शेवटी हाताला लागला तो बसवला, आणि ट्रक चढावर असा पळाला की यंव. दादा घरी येऊन म्हणतो, "बघितलीस माझी कानस?"

"कानस कसली, ती माझी चिंच," आई म्हणाली. "दुसरो बसवन बघ, मगे कळात."

दादाने गुपचूप दुसरा कार्बोरेटर माळ्यावर टाकला.

मी म्हटलं, "अरे, बघ ना बसवून."

म्हणाला, "आणि कळलं तर?"