टाकीतलं पाणी

ओग्न्यान : …तर गाडीच्या धूर-तपासणीची नोंद अशी : चौदा नोव्हेंबर, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं, आणि बाटल्या तीन. झ्लाटका, या तिन्ही तू एकाच टाकीत ओतल्यास?

झ्लाटका : एकदम नाही हो काका. दर सोमवारी एक. पंपावरचा मुलगा म्हणाला, हे घातलं की इंजेक्टर आतून आरशासारखे होतात.

ओग्न्यान : मुलाने विकायचं काम केलं, त्याला दोष नाही. हे औषध काजळी काढतं. झिजलेलं लोखंड भरून काढत नाही आणि पाणी तर मुळीच काढत नाही. हा पेला बघ. फिल्टरच्या तळातून आत्ता काढलाय.

झ्लाटका : डिझेल आहे की.

ओग्न्यान : वर डिझेल. खाली बोटभर पाणी. आता वास घे.

झ्लाटका : सर्दी झालीये मला.

ओग्न्यान : मला झालेली नाही. आलुबुखाराचा वास आहे. तुमच्या वरच्या गावची राकिया, पहिल्या धारेची. टाकीत दारू कोणी घातली?

झ्लाटका : आईने.

ओग्न्यान : स्टोयनाबाईंनी?

झ्लाटका : दर रविवारी. मी निघायला लागले की पेला घेऊन बाहेर येते. अर्धा टाकीत, अर्धा माझ्यासाठी. माझा मी कोंबड्यांच्या अंगणात ओतते, घाट उतरायचा असतो. बाबा ट्रकमध्ये घालायचे म्हणे, थंडीत डिझेल गोठू नये म्हणून.

ओग्न्यान : तुझे बाबा कारखान्यातलं शुद्ध अल्कोहोल घालत. मीच कॅनमधून काढून द्यायचो, आता सांगायला हरकत नाही. घरच्या राकियात अर्धं पाणीच असतं. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं आणि इंजेक्टर खातं. बाई ओतत होत्या तेव्हा तू कुठे होतीस?

झ्लाटका : शेजारी. झाकण हातात धरून.

ओग्न्यान : तुला ठाऊक नव्हतं?

झ्लाटका : ठाऊक होतं.

ओग्न्यान : मग मी पुढचा प्रश्न विचारू, की तू आपण होऊन सांगतेस?

झ्लाटका : काका, बस बंद झाल्यापासून रोज संध्याकाळी मी घाट चढते. बेकरीतून सुटायचं, वर जायचं, तिची चूल, तिची शेळी, तिचं इंजेक्शन, पुन्हा खाली. परवा वळणावर डोळा लागला. गाडी कठड्याला घासली, तो ओरखडा डाव्या दाराला आहे, तुम्ही पाहिलाच असेल.

ओग्न्यान : पाहिला. विचारणार नव्हतो.

झ्लाटका : मी तिला म्हणते, खाली ये. खोली रिकामी आहे. ती म्हणते, गाडी चालतेय तोवर तू येतेस ना? गाडी बंद पडली की बघू, मग येईन, शब्द देते. म्हणून तर पेला घेऊन धावते. गाडी जगली पाहिजे तिला.

ओग्न्यान : आणि तुला मेलेली पाहिजे.

झ्लाटका : रविवारी पाहिजे असते. सोमवारी लाज वाटते, मग पंपावर जाऊन बाटली आणते.

ओग्न्यान : एकीने विष समजून औषध… नाही, उलटं म्हणतोय मी. थांब. पाना कुठे ठेवला?

झ्लाटका : तुमच्याच खिशात. काका, मुदत आज संपते. तपासणीत नापास झाली तर उद्यापासून घाटातला पोलीस अडवेल. तुम्ही यंत्राची नळी जरा आत-बाहेर केलीत तर…

ओग्न्यान : आयुष्यभर लोक मला धुराचा आकडा खाली आणायला सांगत आलेत. कोणी चीज आणलं, कोणी आख्खं कोकरू. वर न्यायला सांगणारी तू पहिली.

झ्लाटका : मी पाव आणलाय. गाडीत आहे, गरम आहे.

ओग्न्यान : पाव ठेव, भूक लागलीय. पण आकडा माझ्या हाताने खाली जात नाही आणि वरही जाणार नाही. जे आईला तोंडाने सांगायचं, ते तू धुराकडून वदवायला निघालीस, पोरी.

झ्लाटका : तोंडाने सांगून पाहिलंय. रडत नाही ती. नुसतं हो म्हणते आणि शेळीला पाणी दाखवायला उठते.

ओग्न्यान : मग दमलेय, असं सांगितलंस कधी? ये म्हणणं वेगळं आणि दमलेय म्हणणं वेगळं.

झ्लाटका : नाही.

ओग्न्यान : का?

झ्लाटका : ती माझ्याहून दमलेली आहे ना.

ओग्न्यान : हं. क्रम पाळू. पाणी काढलं, फिल्टर नवा घातला. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबायला हरकत नाही, डिझेलचा पंप जाणार नाही. तू बाहेर उभी राहा, धुराच्या नळकांड्याच्या बाजूला नको.

(इंजिन तीनदा पूर्ण आवाजात चढतं आणि उतरतं. मग फक्त पंख्याची घरघर.)

झ्लाटका : सांगा.

ओग्न्यान : आधी बस.

झ्लाटका : बसले तर उठणार नाही. उभ्याने सांगा.

ओग्न्यान : मर्यादा तीनची. बाटल्यांनी काजळी खरंच काढलीय.

झ्लाटका : काका, आकडा.

ओग्न्यान : एक पूर्णांक आठ. पास.